हिरव्या दोऱ्याची गुंडी

आमच्या घरावर बोजा चढला तो सुतामुळे. वडिलांनी सावकाराचं काढलेलं नव्हतं, कुणाला जामीन राहिले नव्हते. आई सोसायटीची वर्गणी महिन्याच्या महिन्याला सुताच्या गुंड्यांनी भरत होती आणि एके दिवशी सोसायटीने सांगितलं की तुमची वर्गणी कधी आलीच नाही. एवढंच घडलं. पण ते आठवलं की या वयातही हाताशी असेल ते उचलून कुणाला तरी मारावंसं वाटतं. ज्यांना मारायचं ते आता कुणी उरले नाहीत.

वर्ध्याहून नालवाडीकडे जाताना डाव्या हाताला आमची सोसायटी होती. शाळामास्तर, कचेरीतले कारकून, पोस्टातले एकदोघे अशांनी मिळून जमीन घेतली, सरकारी कर्ज काढलं आणि कौलारू बैठ्या घरांच्या समोरासमोर दोन ओळी उभ्या केल्या. एकेका घराला गाळा म्हणायचे. गाळा ज्याचा त्याचा. विहीर, रस्ता, राखणदार, संडासाची सफाई आणि प्रार्थनेची खोली सगळ्यांची. या सगळ्यांच्या गोष्टींसाठी दरमहा वर्गणी. वडील कचेरीत कारकून होते. गाळ्याचे हप्ते त्यांनी पोटाला चिमटा काढून मुदतीआधीच फेडले, अंगणात तुळस लावली आणि तापाने गेले. मागे राहिलो आई आणि मी. आई लोकांचे कपडे शिवायची. मी शाळेत होते, पुढे मॅट्रिक झाले आणि तिच्या शेजारी बसून काजं करू लागले.

सोसायटी काढली एका निवृत्त मुख्याध्यापकांनी. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पायात चप्पल नाही, अंगावर जाडीभरडी खादी आणि बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याने पुढे वाकावं. वडिलांचा महिना झाल्यावर ते आमच्याकडे आले होते. म्हणाले, "बाई, वर्गणीची चिंता करू नका. ज्याला रोकड जड जाते त्याने सूत द्यावं. श्रम हेही धनच आहे." त्याच आठवड्यात प्रार्थनेनंतर त्यांनी हे सगळ्यांसमोर जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यासह तीन गाळ्यांनी सूत द्यायचं ठरलं.

तेव्हा वर्ध्यात घरोघर चरखा होता. काही घरी तो फिरायचा, काही घरी पाहुण्यांना दाखवण्यापुरता कोपऱ्यात असायचा. आमचा फिरायचा. शिवणकाम आटोपलं की आई कापसाचे पेळू घेऊन बसायची. चरख्याच्या चातीवरचं सूत फाळक्याच्या लाकडी चौकटीवर उतरवायचं, मग पिळा घालून त्याची गुंडी बांधायची. बांधायला ती हिरवा दोरा वापरायची. वडील असताना ती नेसायची ते हिरव्या काठांचं लुगडं पेटीत पडून होतं. आता ते तिला नेसता येणार नव्हतं आणि कुणाला देववतही नव्हतं. त्याच्या काठातून एकेक दोरा उपसून ती गुंडीला बांधायची. मी एकदा विचारलं, पांढऱ्या सुताला हिरवा दोरा कशाला? म्हणाली, "लुगडं कामी येऊन राह्यलं नं."

पहिल्या तारखेला आई गुंड्या घेऊन प्रार्थनेच्या खोलीत जायची आणि भिंतीवरच्या खुंटीला आपल्या हाताने टांगायची. अगदी सुरुवातीला तिने पावती विचारली होती. गुरुजी हसले. म्हणाले, "सुताला पावती मागतात का, बाई? हा काय बाजारातला सौदा आहे?" आई शरमली. दुसऱ्या कुठल्या गावात बाई अडून बसली असती. वर्ध्यात सुताची पावती मागणं म्हणजे देवळात प्रसादाचं बिल मागण्यासारखं होतं. घरी आल्यावर ती कितीतरी वेळ स्वतःवरच चिडलेली होती की आपण असं कसं विचारलं.

त्या गुंड्यांचं पुढे काय व्हायचं ते आम्ही पाहत होतो. सोसायटीत कुणी मोठा माणूस आला की त्याला फुलांचा नाही, सुताचा हार घालायचे. खुंटीवरची गुंडी काढायची, उलगडायची की झाला हार. आमदार आले, त्यांच्या गळ्यात हिरवा दोरा. शाळातपासनीस आले, त्यांच्या गळ्यात हिरवा दोरा. आईला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो ती लपवायची नाही. उरलेलं सूत खादीच्या दुकानात देऊन प्रार्थनेच्या खोलीला एक मोठी सतरंजी आणली होती. तिच्यावर बसायला आई सगळ्यांच्या आधी जायची.

मग आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, साहेब बदलले, आणि सोसायटीचे जुने हिशेब नव्याने तपासले जाणार अशी आवई उठली. गुरुजींच्या हाताखाली कारभार पाहायला नवा सेक्रेटरी आला होता. समोरच्या ओळीतच राहायचा, पोस्टात होता, वडिलांना दादा म्हणायचा. तो एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, तुमचे तर सारेच महिने बाकी दिसून राह्यले."

आईला वाटलं, थट्टा करतोय. "बाकी कशे? सूत नाई देल्लं का मी?"

"सुतानं राखणदाराचा पगार होते का? तपासणीवाला रोकड पाह्यते."

"मंग हे तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तवा सेक्रेटरी मी नोयतो," तो म्हणाला, आणि चहा छान झाला होता असंही म्हणाला.

सूत देणारे दुसरे दोन गाळे होते, त्यांतल्या एकाचा मुलगा रेल्वेत होता, दुसऱ्याचा जावई नागपुरात वकील. त्यांनी कुरकुर केली आणि मागची सगळी रोकड भरून टाकली. राहिलो आम्ही. आर्वीहून मामा आला. त्याची थोडी कपाशी होती आणि आवाज मोठा होता. तो म्हणाला, "ताई, मी देतो पैसे. फेक त्याइच्या तोंडावर अन् मोकळी हो."

आई म्हणाली, "एकदा देल्लं मी. आता दुसऱ्यांदा देईन तं पयल्यांदा देल्लंच नोयतं असं होईन."

मामाने समजावलं. मी समजावलं. मग मी भांडले. म्हटलं, घर जाईल आपलं, राहायचं कुठे? ती शिवणयंत्राचं चाक फिरवत राहिली. "जाईन तं जाईन. मी चोर नाई," एवढंच. तिचा मला त्या वेळी भयंकर राग आला. कुणी आपल्याला चोर म्हणत असेल तर त्याच्या हातात पैसे ठेवून त्याचं तोंड बंद करावं, असं मला वाटायचं. तिला वाटायचं की पैसे ठेवले की ते तोंड कायमचं उघडेल. आज मला वाटतं, आम्हा दोघींचंही चुकत होतं. ते तोंड कशानेच बंद होणारं नव्हतं.

सोसायटीने ठराव केला की थकबाकीदारांच्या सोयी बंद. थकबाकीदार एकच होता. आधी विहिरीवरचं आमचं चाक काढून नेलं. विहिरीच्या आडव्या लाकडाला प्रत्येक गाळ्याचं एकेक चाक टांगलेलं असायचं, त्यावरून दोर सोडून पाणी शेंदायचं. चाक नसेल तर दोर नुसत्या हाताने ओढायचा. आम्ही ओढला. बाकीच्या बायका आपापल्या चाकांवर पाणी काढत उभ्या असायच्या आणि आमच्याकडे बघायच्या नाहीत. त्यांतली एक आईच्या हातचं झबलं तान्ह्याला घालून विहिरीवर यायची. एकीनेही म्हटलं नाही की घ्या, माझ्या चाकावर काढा. त्यांना मनाई नव्हती. मी ठराव वाचला होता, त्यात तसं काही नव्हतं.

मग संडासाची सफाई थांबवली. तेव्हा टोपलीचे संडास होते. सफाईवाली सगळे गाळे करायची आणि आमचं दार ओलांडून पुढे जायची. आईने तिला हाक मारली तर ती न थांबता म्हणाली, "मले मनाई हाये, बाई." काही दिवस वाट पाहून आईने तोंडाला पदर बांधला, टोपली उचलली आणि मागच्या शेताच्या कडेला खड्डा खणून रिकामी केली. मी तिच्या मागे राख घेऊन गेले. परत येताना सेक्रेटरी ओट्यावर दात घासत उभा होता. तो म्हणाला, "आपलं आपण साफ करा, वहिनी. याच्यापेक्षा मोठी शिकवण कोणती हाये?"

हे वाईट होतं, पण याहून वाईट त्या आठवड्याच्या प्रार्थनेत झालं. गुरुजी सफाईच्या महत्त्वावर बोलले. त्या मऊ आवाजात म्हणाले, "आपल्यातल्या एका भगिनीने हे व्रत आपणहून घेतलं आहे. आपण सर्वांनी तिचा आदर्श ठेवावा." सगळे वळून आईकडे बघायला लागले. आई सतरंजीवर मान खाली घालून बसली होती. तिच्या हातांना राखेचा वास येत होता, शेजारी बसल्यामुळे मला येत होता. सेक्रेटरीची बायको तोंडावर पदर घेऊन हसली. गुरुजींनी डोळे मिटून भजन सुरू केलं आणि आईनेही टाळी धरली.

पुढे सोसायटीने सहकार खात्याकडे अर्ज केला आणि थकबाकीचा बोजा आमच्या गाळ्यावर चढवून घेतला. बोजा म्हणजे घर तुमचं, पण सोसायटीचं देणं चुकवल्याशिवाय तुम्हाला ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, आणि देणं नाहीच चुकवलं तर सोसायटीला ते विकून वसुली करता येते. समुद्रपूरच्या एका घरी माझं लग्नाचं बोलणं चाललं होतं. त्या लोकांना सोसायटीतूनच कुणीतरी कळवलं. त्यांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं, जी आधी जुळली होती.

शेवटी खात्यातून एक साहेब निवाडा करायला आले. प्रार्थनेच्या खोलीत बैठक भरली. साहेब नवीन होते, देशावरून बदलून आलेले. त्यांना लोडाशी बसवलं, आम्हाला समोर. गुरुजी बाजूला टकळी घेऊन बसले. कुठल्याही बैठकीत ते सूत काढत बसायचे, वेळ फुकट जाऊ नये म्हणून. सुरुवातीला सेक्रेटरी उठला, रिवाजाप्रमाणे खुंटीवरची गुंडी काढली, उलगडली आणि साहेबांच्या गळ्यात घातली. मी बघितलं. हिरवा दोरा साहेबांच्या कोटाच्या दुसऱ्या बटनापाशी लोंबत होता.

सेक्रेटरीने थकबाकी वाचून दाखवली. साहेबांनी आईला विचारलं, "तुम्ही वर्गणी भरल्याचा काही पुरावा आहे का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग मीच उठले. मी म्हटलं, "पुरावा तुमच्या गळ्यात आहे, साहेब. ती गुंडी आमच्या आईने वर्गणी म्हणून दिलेली आहे. तो दोरा तिच्या लुगड्याचा आहे. लुगडं घरी आहे, आणून दाखवते."

साहेबांनी खाली पाहिलं. हार गळ्यातून काढला आणि दोरा बोटात धरून बघितला. माणूस वाईट नव्हता. तो ओशाळला. त्याने हार शेजारी सतरंजीवर ठेवला आणि गुरुजींना विचारलं, "सूत वर्गणी म्हणून घ्यायचं ठरलं होतं का?"

खोलीत सगळे होते. त्या दिवशी माना डोलावणारे सगळे. मला वाटलं, झालं, आता सुटलो. आई पहिल्यांदाच मान वर करून गुरुजींकडे बघत होती.

साहेब सरळ मनाचे होते, म्हणून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "वर्गणी म्हणून घेतलं असेल तर या बाईंचं देणं फिटलं. मात्र ज्यांनी सोसायटीच्या नियमात नसताना रोकडीऐवजी सूत घेतलं, तेवढी रक्कम त्यांनी स्वतः भरायला हवी."

गुरुजींची टकळी थांबली नाही. धागा लांब होत गेला, त्यांनी तो टकळीवर गुंडाळला आणि पुन्हा ओढायला घेतला. मग म्हणाले, "बाईंनी ते प्रेमाने दिलं होतं. भेट म्हणून. प्रेमाच्या भेटीला वर्गणी म्हणणं मला पाप वाटतं."

आई उठून उभी राहिली. "गुरुजी, तुमीच सांगतलं होतं नं मले? माह्या घरी येऊन सांगतलं होतं."

"आठवत नाही, बाई," गुरुजी म्हणाले. "वय झालं."

साहेबांनी खोलीत सगळ्यांकडे बघून विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? वडिलांबरोबर वर्षानुवर्षं कचेरीत बसलेला माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो सतरंजीच्या दश्या वळत बसला. ती सतरंजीसुद्धा आमच्याच सुताची होती. कुणी काही बोललं नाही. त्या शांततेसाठी मी आजवर त्यांतल्या एकालाही माफ केलेलं नाही आणि करणार नाही.

निवाडा टपालाने आला. थकबाकी, तिच्यावरचं व्याज, वर निवाड्याचा खर्च. मामा पुन्हा आला, पण या वेळी त्याचा आवाज मोठा नव्हता. त्या साली कपाशीला बोंडअळी लागली होती आणि रक्कम फुगलेली होती. "तवा ऐकलं असतं तं..." एवढंच तो म्हणाला. आईने शिवणयंत्राचं चाक फिरवलं. मी पुष्कळ बोलले, पण माझ्या बोलण्याने काय होणार होतं?

लिलावाची दवंडी पिटली गेली. तहसिलीचा माणूस आमच्या अंगणात तुळशीपाशी उभा राहिला. गाळा सोसायटीबाहेरच्या माणसाला घेता येत नव्हता, आणि सोसायटीतल्यांनी आपापसात काय ठरवलं असेल ते असो, बोली लावली एकट्याने, सेक्रेटरीच्या जावयाने. त्याला आधीच सभासद करून घेतलेलं होतं. त्याची बायको आमच्या स्वयंपाकघरात शिरून चुलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघून गेली. बोली पडेल किमतीला सुटली. देणं कापून जे उरलं ते आईच्या हातात दिलं. तिने सही केली. सही सुरेख आली, वडिलांनी शिकवलेली.

आम्ही आर्वीला मामाकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सेक्रेटरी बोलवायला आला. सोसायटी सोडून जाणाऱ्या माणसाला प्रार्थनेच्या खोलीत निरोप द्यायची पद्धत होती, ती आमच्यासाठी मोडायची नव्हती. मी म्हटलं, आई, तू जाऊ नकोस. ती म्हणाली, "बोलावलं हाये," आणि हात धुऊन, पदर नीट करून गेली. मी तिच्या मागे गेले.

सगळे जमले होते. सेक्रेटरी दोन शब्द बोलला. वहिनींनी आमच्या सोसायटीला कातणं शिकवलं, त्यांचं सूत मोठमोठ्यांच्या गळ्यात पडलं, त्यांची उणीव आम्हाला भासत राहील. आणि मला वाटतं, हे तो खरंच मनापासून बोलला. मग गुरुजी उठले, खुंटीवरची गुंडी काढली, उलगडली आणि आईच्या गळ्यात घातली. हिरवा दोरा तिच्या पांढऱ्या लुगड्यावर चटकन दिसला. सगळ्यांना दिसला. टाळ्या झाल्या.

आईने हात जोडले. मग गळ्यातला हार काढला, मांडीवर घेऊन त्याचा नीट पिळा घातला, पुन्हा गुंडी केली. लोक बघत होते. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि ती गुंडी त्याच खुंटीवर टांगली.

"या महिन्याची वर्गणी," ती सेक्रेटरीला म्हणाली. "पयल्या तारखेपासून आजवर राह्यलो आमी इथं. फुकट नाई राह्यलो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ती गुंडी गुरुजींच्या तोंडावर फेकायला हवी होती. तिने हिशेब पुरा केला. ज्यांनी घर घेतलं त्यांना त्या घरातल्या शेवटच्या दिवसांची वर्गणी देऊन ती बाहेर पडली आणि बैलगाडीत भांड्यांच्या पोत्याला टेकून बसली. तिच्या तोंडावर राग नव्हता. याचाही मला राग आला.

शिवणयंत्राचं झाकण राहिलं म्हणून मी मागे वळले. प्रार्थनेच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे होती. लोक पांगले होते. गुरुजी टकळी शोधत होते. सेक्रेटरी खुंटीपाशी उभा होता. त्याने गुंडी हातात घेतली, हिरवा दोरा दातांनी तोडला, खिशातून पांढरा दोरा काढून तिथे बांधला आणि गुंडी परत टांगली.